टोरंटो ते क्युबेक सिटी रेल्वेने: आई-बाबांना घेऊन केलेली ऑगस्टमधली सहल

आमच्याकडे मिसिसागाला भारतातून कुणाचेही आई-बाबा आले की नायगरा, सीएन टॉवर आणि हजार बेटं ही यादी ठरलेली असते, सगळं कारने. पण बाबांनी सोलापूरहून निघायच्या आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, अगं मला कार नको, रेल्वेने फिरव. ते मध्य रेल्वेत गार्ड होते, सोलापूर-दौंड आणि सोलापूर-वाडी लाईनवर आयुष्य गेलं. म्हणून मग टोरंटो, किंग्स्टन, ऑटवा, मॉन्ट्रियल, क्युबेक सिटी असा रूट काढला, सगळी तिकिटं व्हाया रेलची, म्हणजे इथल्या प्रवासी रेल्वे कंपनीची, आणि आम्ही पाच जण, म्हणजे आई, बाबा, मी, नवरा आणि पाचवीत जाणारी लेक. रूट काढताना एक गोष्ट लक्षात आली, ही पाचही शहरं कधी ना कधी कॅनडाची राजधानी होती. १८४१ ला किंग्स्टन, १८४४ ला मॉन्ट्रियल, मग काही वर्षं आलटून पालटून टोरंटो आणि क्युबेक, आणि शेवटी ऑटवा. म्हणजे एका लाईनवर सगळा इतिहास ओळीने लागतो, फक्त उतरत जायचं.

शुक्रवार, टोरंटो

टोरंटो आमचं रोजचंच, त्यामुळे फार फिरलो नाही, पण युनियन स्टेशन मात्र निवांत बघितलं. एरवी तिथून पळतच जातो ना आपण, मान वर करून बघतच नाही. १९२७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे स्टेशन, मधला ग्रेट हॉल प्रचंड उंच, वर कमानीचं टाईल्सचं छत, आणि भिंतींवर वरच्या बाजूला दगडात गावांची नावं कोरलीत, जिथे जिथे तेव्हा गाड्या जायच्या त्या गावांची. बाबा ती नावं वाचत वाचत पूर्ण फेरी मारून आले. समोर रस्त्यापलीकडे रॉयल यॉर्क हॉटेल, १९२९ चं, ते पण रेल्वे कंपनीनेच बांधलेलं. त्या काळात इथल्या रेल्वे कंपन्या स्टेशनसमोर राजवाड्यासारखी हॉटेलं बांधायच्या आणि ही जोडी आम्हाला पुढे ऑटव्याला परत भेटली.

संध्याकाळी डिस्टिलरी डिस्ट्रिक्टला गेलो, विटांच्या जुन्या दारूभट्ट्या आहेत, आता तिथे कॅफे आणि आर्ट गॅलऱ्या. छान आहे, फोटो भरपूर निघतात, तासाभरात होतं.

शनिवार, टोरंटो ते किंग्स्टन

इथे प्लॅटफॉर्मवर आधीच जाऊन उभं राहायची पद्धत नाही, वर गेटपाशी लाईन लावायची, तिकीट स्कॅन करतात आणि मग एस्कलेटरने वर प्लॅटफॉर्मवर सोडतात. बाबांना इंजिन बघायला पुढे जायचं होतं पण तेवढा वेळ मिळाला नाही. किंग्स्टनला जाताना उजव्या बाजूची सीट घ्या हे सगळ्यांना सांगीन, पोर्ट होप आणि कोबर्गच्या आसपास लेक ऑन्टारिओ अगदी रुळाजवळ येतो, आणि पलीकडचा काठ दिसतच नसल्यामुळे आई बराच वेळ त्याला समुद्रच म्हणत होती.

बाबांचं मात्र लक्ष दुसऱ्या बाजूला. हे रूळ मुळात मालगाड्यांच्या कंपनीचे, पॅसेंजर गाड्या त्यावरून चालतात, त्यामुळे मालगाड्या सारख्या भेटतात आणि त्यांची लांबी बघून माणूस थक्क होतो. कंटेनरवर कंटेनर, दोन मजली, दोन-अडीच किलोमीटरची गाडी सहज. लेक डबे मोजायला लागली आणि शंभराच्या पुढे गेल्यावर दमली. बाबा शेवटच्या डब्याची वाट बघत होते, आणि शेवटचा डबा गेला तर त्याच्या मागे काहीच नाही! ब्रेकव्हॅनच नाही, म्हणजे गार्डचा डबाच नाही. कपलरला, म्हणजे डबे जोडायच्या कडीला, एक छोटी पेटी लावलेली, त्यावर लाल दिवा लुकलुकतोय. ती पेटी ब्रेकचं प्रेशर रेडिओने पुढे इंजिनात ड्रायव्हरला सांगते, म्हणून मागे माणूस लागत नाही. मी मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, आपल्याकडे पण आता सुरू करतायत हे, पण मागे माणूस असला की चाकाचा आवाज बदलला, कुठे धूर आला, वास आला, हे त्याला कळतं. ते रात्री दोन-दोन वाजता एकटे त्या डब्यात बसून कुर्डुवाडी, दौंड करायचे, थंडीत कानटोपी घालून, हातात कंदील. त्यांचं म्हणणं मला तरी पटतं.

लेकीला त्यांनी हॉर्न शिकवला. म्हणजे त्यांनाही इथला माहीत नव्हता, ऐकून ऐकूनच बसवला: फाटक आलं की दोन लांब, एक छोटा, परत एक लांब. किंग्स्टन येईपर्यंत ती फाटक दिसायच्या आधी हॉर्नवरून सांगत होती. गाडीत खायला ट्रॉली येते, सँडविच, चिप्स, कॉफी, पण आईने ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणलेली. सोलापुरी माणसाला प्रवासात याच्यापेक्षा दुसरं काही लागत नाही. भाकरी मोडली की कट्कन आवाज येतो आणि शेजारच्या सीटवरच्या आजींनी विचारलंच, हे काय क्रॅकर्स आहेत का. आईने तुकडा दिला त्यांना चटणी लावून. त्यांना आवडली, पाणी मात्र दोन ग्लास प्यायल्या.

किंग्स्टन स्टेशन गावापासून लांब आहे, टॅक्सी किंवा बस करावी लागते. गाव सगळं राखाडी चुनखडीच्या दगडाचं. तलावासमोर सिटी हॉल आहे, मोठा घुमट, मोठे खांब, एवढ्या छोट्या गावाला एवढी इमारत कशाला असं वाटतं. राजधानी इथे आली म्हणून १८४३ मध्ये बांधायला काढली, आणि १८४४ मध्ये राजधानीच मॉन्ट्रियलला गेली. इमारत राहिली गावाला. आत मोफत फिरवतात, जरूर बघा.

सिटी हॉलच्या समोरच पार्कमध्ये एक वाफेचं इंजिन ठेवलंय, १०९५ नंबरचं, आणि आमचा त्या दिवशीचा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. हे इंजिन १९१३ मध्ये ह्याच गावात, ह्याच काठावर, कॅनेडियन लोकोमोटिव्ह कंपनीत तयार झालं. बाबांनी कंपनीचं नाव वाचलं आणि एकदम म्हणाले, अगं ही आपल्या डब्ल्यूपीवाली कंपनी! भारतात स्वातंत्र्यानंतर मेल-एक्सप्रेसला जी गोल नाकाची, पुढे चांदणी रंगवलेली डब्ल्यूपी इंजिनं आली त्यातली बरीचशी किंग्स्टन आणि मॉन्ट्रियलच्या कारखान्यांत बनलेली. त्याच्याआधी महायुद्धाच्या काळातली सीडब्ल्यूडी, ती पण इथलीच. बाबांनी नोकरीच्या सुरुवातीला वाफेच्या इंजिनांमागे ड्युटी केलेली आहे, इंजिनावरच्या प्लेटवर कॅनडा लिहिलेलं असायचं हे त्यांना आठवत होतं. कारखाना १९६९ मध्ये बंद पडला. बाबा इंजिनाच्या चाकाला हात लावून उभे राहिले आणि नवऱ्याने भरपूर फोटो काढले, तेच नंतर सोलापूरच्या त्यांच्या रिटायर्ड गार्ड लोकांच्या ग्रुपवर गेले, दोन दिवस चर्चा चालली होती त्यावर.

रविवार, फोर्ट हेन्री आणि ऑटव्याची गाडी

सकाळी फोर्ट हेन्री. सध्याचा किल्ला १८३२ ते १८३७ मध्ये बांधला, अमेरिकेच्या हल्ल्याची भीती म्हणून, पण हल्ला कधी झालाच नाही. उन्हाळ्यात कॉलेजची मुलं लाल डगले घालून इंग्रजी सैनिकांसारखी कवायत करतात, तोफ उडवतात. तोफेच्या आवाजाने लेक आधी दचकली आणि मग परत एकदा म्हणून मागे लागली. किल्ला डोंगरावर नाही, टेकाडात खोदलेला आहे, बाहेरून भिंत दिसतच नाही जवळ जाईपर्यंत. वरून दिसतं ते मात्र फार सुंदर, लेक ऑन्टारिओ संपून सेंट लॉरेन्स नदी सुरू होते ती जागा, होड्या, पलीकडे बेटं. वुल्फ आयलंडची फेरी फुकट आहे हे कळल्यावर आई म्हणाली चला मग, पण गाडीची वेळ झाली होती.

संध्याकाळची गाडी दोन तासात ऑटव्याला पोचते. झाडी, शेतं, गवताचे गोल भारे, परत झाडी. सगळे झोपले, बाबा सोडून.

सोमवार, ऑटवा

हा दिवस सगळ्यात भरगच्च. आधी पार्लमेंट हिल. मेन बिल्डिंग दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं बंद आहे, क्रेन आणि पत्रे दिसतात, त्यामुळे थोडं वाईट वाटतं. ३ फेब्रुवारी १९१६ ला रात्री आग लागून जुनं पार्लमेंट जळालं, फक्त मागची गोल लायब्ररी वाचली, कारण कुणीतरी वेळेवर तिचे लोखंडी दरवाजे बंद केले. ते दुरून बघितलं. खासदारांची सभा सध्या वेस्ट ब्लॉकमध्ये भरते, तिथे टूर असते, फुकट, पण आधी बुक करायची.

आणि सिनेट कुठे भरते? जुन्या रेल्वे स्टेशनात! हे मला आधीपासून माहीत होतं पण बाबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. १९१२ चं ऑटवा युनियन स्टेशन, १९६६ मध्ये गाड्या बंद झाल्या, मग कॉन्फरन्स सेंटर म्हणून वापरलं आणि पार्लमेंटची दुरुस्ती निघाल्यावर सिनेट तिथे हलवली. आत गेलं की आधी वेटिंग हॉल, जुन्या रोमन स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेला, एवढे उंच खांब आणि अर्धगोल खिडक्या. जिथे प्रवासी गाडीची वाट बघत उभे राहायचे त्या कॉन्कोर्समध्ये आता सिनेटरांच्या लाल खुर्च्या. गाईड मुलगी छान माहिती देत होती आणि बाबांनी तिला विचारलं, रूळ कुठे होते? तिने मागच्या बाजूने दाखवलं, कालव्याच्या काठाने जो आता कर्नल बाय ड्राईव्ह रस्ता आहे तिथूनच गाड्या यायच्या. म्हणजे अगदी पार्लमेंटच्या पायथ्याशी. नवीन स्टेशन गावाबाहेर नेलं, काल रात्री आम्ही तिथेच उतरलो होतो, स्वच्छ आहे, लोकल ट्रेनने जोडलेलं आहे, पण बाबांचं मत असं की स्टेशन गावातून काढलं की गावाचं दार काढल्यासारखं. मला हे खरंच पटलं.

समोर शातो लॉरिए हॉटेल, परत तीच स्टेशन-हॉटेलची जोडी, दोन्हीमध्ये रस्त्याखालून भुयार होतं. हे हॉटेल बांधणारे ग्रँड ट्रंक रेल्वेचे प्रेसिडेंट चार्ल्स मेलव्हिल हेज एप्रिल १९१२ मध्ये इंग्लंडहून परत येत होते, टायटॅनिकवर. ते बुडाले आणि हॉटेलचं उद्घाटन पुढे ढकलून जूनमध्ये गाजावाजा न करता झालं. लेकीला टायटॅनिक म्हटल्यावर एकदम इंटरेस्ट आला, लॉबीत जाऊन तिने सगळ्या भिंती बघितल्या.

हॉटेल आणि पार्लमेंट यांच्या मधून रिडो कालवा नदीत उतरतो. आठ लॉक्स आहेत ओळीने, म्हणजे पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे कप्पे, २४ मीटरचा उतार, आणि सगळं अजून हाताने चालतं. आम्ही पुलावरून खाली उतरून काठावर बसलो तेव्हा दोन छोट्या बोटी वरून खाली येत होत्या. बोट लॉकमध्ये आली की वरचे लाकडी दरवाजे बंद, मग दोन्ही बाजूला दोन-दोन मुलं-मुली लोखंडी दांडे धरून गरागरा चाक फिरवतात, साखळी कुरकुर करत गुंडाळली जाते, खालचा झडपा उघडतो आणि पाणी हळूहळू उतरायला लागतं. बोटीवरचा माणूस दोर सैल सोडत राहतो. पाणी दोन्हीकडे समान झालं की मगच दरवाजे उघडतात, त्याआधी पाण्याच्या दाबाने ते घट्ट मिटलेले असतात, कितीही जोर लावा. आठही लॉक्स पार करायला दीड तास तरी लागतो, पण त्या बोटवाल्यांना घाई नव्हती आणि आम्हालाही. आई बीव्हरटेल खात बसली, म्हणजे लांबट पुरीसारखं तळलेलं पीठ आणि वर दालचिनी-साखर, मार्केटमधून आणलेलं.

हा कालवा २०२ किलोमीटरचा, ऑटव्यापासून थेट किंग्स्टनपर्यंत, म्हणजे कालच्या गाडीच्या प्रवासाचीच दोन टोकं. सेंट लॉरेन्सच्या पलीकडे अमेरिका, युद्ध झालं तर रसद अडेल, म्हणून आतून पाण्याची वाट काढली, १८२६ ते १८३२. कर्नल जॉन बाय या इंजिनिअरने सहा वर्षांत जंगलातून, दलदलीतून हे काम पूर्ण केलं, आयरिश आणि फ्रेंच मजूर शेकड्यांनी मेले, त्यात मलेरियाने पण बरेच. आणि खर्च जास्त झाला म्हणून बायला लंडनला परत बोलावून चौकशी लावली, त्याला काही मानसन्मान मिळाला नाही, १८३६ मध्ये वारला. बाबा म्हणाले, काम करणाऱ्यालाच चार्जशीट, हे सगळीकडे सारखंच.

संध्याकाळी एल्गिन स्ट्रीटवर जेवायला जाताना नवऱ्याने विषय काढला, हा एल्गिन म्हणजे आपला व्हाईसरॉय एल्गिन का? तोच. कॅनडात १८४७ ते १८५४ गव्हर्नर जनरल, मग १८६२ मध्ये भारताचा व्हाईसरॉय, १८६३ मध्ये धरमशाळेला वारला. मग आठवायला लागलो तर रांगच लागली. लॅन्सडाऊन, आधी कॅनडा मग भारत. मिंटो, तसाच, त्याच्याच काळात टिळकांना मंडालेला पाठवलं. विलिंग्डन, हा आधी मुंबईचा गव्हर्नर, मग कॅनडा, मग व्हाईसरॉय. नवरा सांगलीचा, विलिंग्डन कॉलेजचा, त्यामुळे त्याला फार गंमत वाटली. बाबांना जुनी गार्डाची सवय, सगळं वहीत वेळेसकट टिपायचं, त्यांनी वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली.

मंगळवार, गॅटिनो आणि मॉन्ट्रियलची गाडी

नदीपलीकडे कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्टरी. अलेक्झांड्रा पुलावरून चालत गेलो, हा पण मूळचा रेल्वेचाच पूल. म्युझियमची इमारत डग्लस कार्डिनल या आर्किटेक्टची, सगळ्या वळणदार भिंती, कुठे कोपराच नाही. ग्रेट हॉलमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींचे टोटेम पोल आहेत, सबंध देवदाराच्या खोडात कोरलेले अस्वल, गरुड, देवमासे. तिथे सावकाश फिरा. वरच्या मजल्यावर निवासी शाळांची माहिती आहे, आदिवासी मुलांना घरातून काढून सरकारी पैशावर चर्चच्या शाळांत ठेवायचे, भाषा बोलू द्यायचे नाहीत. लेक खूप प्रश्न विचारत होती आणि आम्ही जमेल तशी उत्तरं दिली, पोरांना हे कळायलाच पाहिजे असं माझं मत आहे. पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांचा किंग्स्टनमधला पुतळा २०२१ मध्ये काढला तो ह्याच कारणासाठी.

संध्याकाळी परत दोन तासांची गाडी. मॉन्ट्रियलच्या सेंट्रल स्टेशनात गाडी सरळ शहराच्या पोटात शिरते, वर आलं की बिल्डिंगांच्या मधोमध.

बुधवार आणि गुरुवार, मॉन्ट्रियल

ओल्ड मॉन्ट्रियलमध्ये सकाळी लवकर जा, दगडी गल्ल्या रिकाम्या असतात. नोत्र-दाम बॅसिलिका आतून बघताना शब्द सुचत नाहीत, गडद निळं छत आणि त्यावर सोनेरी चांदण्या. बांधणारा जेम्स ओ'डॉनेल आयरिश, प्रोटेस्टंट होता, शेवटी कॅथलिक झाला आणि ह्याच चर्चखाली त्याला पुरलंय. खिडक्यांच्या काचांवर बायबल नाही तर गावाचा इतिहास रंगवलाय, १६४२ मध्ये गाव वसवणारे मेझोन्युव्ह आणि जान मान्स आले तेव्हापासूनचा.

पॉइंट-आ-कालिएर हे म्युझियम जमिनीखाली आहे, जिथे वसाहत सुरू झाली त्याच जागेवर. जुन्या भिंती, पहिलं कब्रस्तान, आणि शंभर-सव्वाशे पावलं चालत जाता येतं असा एकोणिसाव्या शतकातला दगडी नाला. ह्याच भागात प्लास द्युव्हिलला जुनं सेंट ॲन मार्केट होतं, १८४४ पासून पार्लमेंट त्यात भरायचं. आणि इथे परत एल्गिन आला. १८३७-३८ च्या बंडात ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई द्यायचा कायदा निवडून आलेल्या सभागृहाने केला, एल्गिनने त्यावर सही केली, म्हणून चिडलेल्या इंग्रजांनी त्याच्या बग्गीवर अंडी आणि दगड मारले आणि २५ एप्रिल १८४९ ला पार्लमेंट जाळून टाकलं. त्यानंतर राजधानी मॉन्ट्रियलला परत कधी आली नाही.

मी तिथे बराच वेळ थांबले. एल्गिनने सही का केली, तर सभागृहात बहुमताने पास झालं म्हणून. १८४८ मध्ये कॅनडाला हे मिळालं होतं, लोकांनी निवडलेल्यांचं सरकार. आणि त्याच १८४८ मध्ये भारतात डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं, दत्तक नामंजूर म्हणून. एक साम्राज्य, एकच वर्ष. इकडे गोऱ्या वसाहतीला बहुमताचा मान आणि तिकडे छत्रपतींच्या गादीला वारस ठरवायचाही हक्क नाही. आणि इकडे तरी सगळ्यांना कुठे, काल बघितलेल्या टोटेमवाल्या लोकांना कुणी विचारलं होतं. शाळेत आपण हे दोन वेगवेगळ्या पुस्तकांत शिकतो, कॅनडा तर शिकतच नाही, त्यामुळे एकत्र कधी दिसत नाही. बाबांनी साताऱ्याची तारीख पण वहीत लिहिली.

गुरुवारी सेंट जोसेफ ओरॅटरी, डोंगराच्या उतारावर प्रचंड घुमट. ब्रदर आंद्रे नावाचे एक साधे द्वारपाल, त्यांच्यावर लोकांची श्रद्धा, त्यातून हे उभं राहिलं, २०१० मध्ये त्यांना संतपद दिलं. बाहेरच्या पायऱ्यांमध्ये मधल्या ९९ लाकडी पायऱ्या फक्त गुडघ्यावर चढणाऱ्यांसाठी. एक बाई चढत होत्या, प्रत्येक पायरीवर थांबून प्रार्थना. आई म्हणाली, तुळजापूरला लोटांगण घालतात तसंच की गं हे. आत दोन खांबांमध्ये शेकडो कुबड्या लटकवलेल्या, बरं झालेल्यांनी सोडून दिलेल्या, जुन्या लाकडी, काहींच्या बगलेतल्या भागाला गुंडाळलेलं कापड झिजून काळं पडलेलं. आईचे गुडघे दुखतात, ती हात जोडून खूप वेळ उभी होती. एस्कलेटर आणि लिफ्ट आहे, ज्येष्ठांना काही त्रास नाही.

बेगल खाल्ले, म्हणजे मधे भोक असलेले गोल पाव, लाकडाच्या भट्टीतले, गरम, मधाच्या पाण्यात उकळून भाजतात, भट्टीतून लांब फळीवर येतात आणि तसेच पिशवीत. पुटीन, म्हणजे बटाट्याच्या फ्राईजवर चीज आणि ग्रेव्ही, आम्हाला शाकाहारी ग्रेव्हीचं मिळालं, विचारून घ्या, नेहमीची ग्रेव्ही मांसाची असते.

शुक्रवार, दोन पूल

मॉन्ट्रियल ते क्युबेक सव्वातीन तासांच्या आसपास. निघाल्या निघाल्या व्हिक्टोरिया पूल, १८५९ चा, सेंट लॉरेन्सवरचा पहिला. पुलाच्या अलीकडे एक मोठा काळा दगड आहे, १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळातून आलेले सुमारे ६००० लोक इथे टायफसने मेले, पुलाचं काम करताना मजुरांना त्यांची हाडं सापडली आणि त्यांनीच तो दगड उभा केला.

आणि शेवटी क्युबेक ब्रिज. बाबांनी सकाळपासून विचारलं होतं कधी येणार. २९ ऑगस्ट १९०७ ला बांधता बांधता कोसळला, ७५ माणसं गेली, त्यातले ३३ काहनावाके गावचे मोहॉक आदिवासी कामगार. मधलं अंतर वाढवलं पण वाढलेल्या वजनाचा हिशेब नीट केलाच नव्हता, खालचे पोलादी भाग वाकायला लागलेले साईटवर दिसत होते, काम थांबवा हा निरोप पोचेपर्यंत उशीर झाला. परत बांधायला घेतला, १९१६ मध्ये मधला भाग वर उचलताना नदीत पडला, आणखी १३ गेले. १९१७ मध्ये पूर्ण झाला, ५४९ मीटरचा गाळा, कॅन्टिलिव्हर प्रकारात, म्हणजे खांबांवरून पुढे काढलेल्या पुलांत, आजही जगात सगळ्यात लांब. गाडी त्यावर हळू होते. खिडकीबाहेर फक्त गंजक्या तांबूस पोलादाच्या कैच्या एकामागून एक सरकतात, खाली खूप खोल नदी. बाबा दाराजवळच्या खिडकीशी उभे राहिले, लेकीला पण उभं केलं, आणि पूल संपेपर्यंत दोघं बोलली नाहीत.

गार दु पाले स्टेशन १९१५ चं, किल्ल्यासारखं, तांब्याचं छत. छोटंसं आणि देखणं. बाबांच्या मते सगळ्या सहलीतलं एक नंबर स्टेशन.

शनिवार, क्युबेक सिटी

१६०८ मध्ये शाम्प्लेन या फ्रेंच माणसाने वसवलेलं गाव, आणि मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकच शहर, साडेचार किलोमीटरवर तट, वरून चालता येतं. खालचं गाव आणि वरचं गाव असे दोन भाग, खाली प्लास रोयाल आणि पती शाम्प्लेनच्या अरुंद गल्ल्या, वर शातो फ्रॉन्तेनाक हॉटेल. मध्ये फ्युनिक्युलर आहे, चढावर दोराने ओढली जाणारी गाडी, आईला त्याने नेलं आणि आम्ही पायऱ्यांनी.

वर नदीकाठचा लांबच लांब लाकडी फळ्यांचा कट्टा, त्याचं नाव तेरास डफरीन. बाबा पाटी वाचून हसलेच, आमचा डफरीन चौक इथे कुठे आला! तोच डफरीन, जो पुढे भारताचा व्हाईसरॉय झाला. सोलापुरात बायकांचं डफरीन हॉस्पिटल आणि त्यावरून चौक, ते नाव त्याच्या बायकोचं, लेडी डफरीनने १८८५ मध्ये भारतातल्या बायकांच्या औषधोपचारासाठी फंड काढला होता त्यातून. मी त्या चौकातून शाळेला जायचे. त्याआधी १८७२ ते १८७८ हे दोघं कॅनडात होते, आणि क्युबेकचे लोक वाहतुकीला अडथळा म्हणून तट पाडायला निघाले होते तेव्हा ह्या डफरीननेच ते थांबवलं. आज सगळं जग ज्या भिंती बघायला येतं त्या राहिल्या त्याच्यामुळे, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

कट्ट्यामागच्या बागेत एक दगडी स्तंभ आहे. १३ सप्टेंबर १७५९ ला अब्राहमच्या मैदानावर इंग्रज आणि फ्रेंच लढले, अर्धा तास पण नाही चालली लढाई, इंग्रजांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा मॉन्कॅम दोघेही सेनापती त्यातच गेले. हा एकच स्तंभ दोघांचा, जिंकलेल्याचा आणि हरलेल्याचा. १८२८ मध्ये तो उभा करण्यात पुढाकार तेव्हाच्या गव्हर्नरचा, लॉर्ड डलहौसीचा. म्हणजे आपल्या डलहौसीचे वडील. आपल्या डलहौसीने लहानपणीची काही वर्षं आईवडिलांबरोबर कॅनडात काढली होती. वडिलांनी हरलेल्या शत्रूचंही नाव दगडात कोरलं, आणि मुलाने सातारा घेतला, नागपूर घेतलं, झाशी घेतली. मला हे पचवायला जड गेलं. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, पण रेल्वे पण त्याच्याच काळात आली, १८५३, बोरीबंदर-ठाणे. माझी रोजीरोटी त्याच्यावर झाली. आम्ही त्यावर तिथेच बाकावर बसून भांडलो जवळजवळ, नवरा म्हणे रेल्वे त्यांनी त्यांच्या फौजेसाठी आणि कापसासाठी आणली, बाबा म्हणे ते खरंच आहे पण रूळ टाकले कुणी आणि चालवली कुणी, आपल्याच लोकांनी, मग ती आपलीच. लेक म्हणाली, आजोबा मग हा पूल पण त्या मोहॉक लोकांचा का? बाबा म्हणाले, अर्थात.

दुपारी बसने मॉन्मोरन्सी धबधबा, ८३ मीटर, नायगऱ्यापेक्षा उंच. वरून झुलता पूल आहे, सगळे भिजतात. मेपल सिरप इथूनच घ्या, कॅनडातलं बहुतेक सगळं ह्याच प्रांतात तयार होतं.

रविवार, परत

सकाळी क्युबेकहून मॉन्ट्रियल, गाडी बदलून रात्री टोरंटो. दिवसभराचा प्रवास, पाय मोकळे करायला मॉन्ट्रियलला थोडा वेळ मिळाला. कुणाला हा रूट करायचा असेल तर तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त पडतात, ऑटव्याला दोन पूर्ण दिवस ठेवा, क्युबेकला दोन मुक्काम हवेत, आणि ज्येष्ठ असतील तर क्युबेकमध्ये हॉटेल वरच्या गावात घ्या. मॉन्ट्रियलच्या बोर्डावर बाबांनी हॅलिफॅक्सला जाणारी ओशन गाडी बघितली, १९०४ पासून ती चालू आहे, रात्रभराचा प्रवास, बर्थ असतात. तिचं भाडं किती हे त्यांनी टोरंटो येईपर्यंत मला चारदा विचारलं, आणि आई म्हणते थंडी सुरू व्हायच्या आत जाऊन येऊ.